उत्तनला पर्यटनस्थळ का करत नाही?

घोडबंदरवाली: ठाण्याहून समुद्रावर जायचं म्हटलं की सगळे अलिबाग धरतात आणि निम्मा रविवार गाडीत काढतात. आपल्याच जिल्ह्यातलं उत्तन कुणाला सुचत नाही. भाईंदर पश्चिमेहून बस मिळते. समुद्राकाठी वेलंकनी मातेचं देऊळ (चर्च), धक्क्यावर रंगीत बोटी, वलांड्यांवर, म्हणजे मासळी वाळवायच्या बांबूच्या मांडण्यांवर, सुकणारे बोंबील. शिवाय इथला धारावी किल्ला (मुंबईतली धारावी नव्हे). अवशेष फारसे उरलेले नाहीत, पण खाडीच्या तोंडावरची ही जागा वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांना का हवी होती ते तिथे उभं राहिलं की कळतं. १७३९ मध्ये आधी धारावी पडली, मग वसई. एवढं असून साधी पाटी, बरं स्वच्छतागृह, चार घरगुती खानावळी होऊ नयेत?

बेलापूरचा शंकासुर: नकोच. बोंबलात पाणी फार, तो टिकत नाही, म्हणून सुकवायचा. त्याला ऊन आणि वारा मिळेल अशी मोकळी जागा लागते. रिसॉर्टवाल्याचा डोळा नेमका त्याच जागेवर असतो. आज तुम्ही वलांडीचे फोटो काढाल, उद्या खोली घेतलेला पाहुणा वासाची तक्रार करेल. मग काय हलवणार, खोली की वलांडी?

घोडबंदरवाली: रिसॉर्ट हा शब्द तुमचा. मी खानावळ म्हणाले. कोळणीने टोपलीभर मासळी व्यापाऱ्याला द्यायची त्यातलीच थोडी रांधून वाढली तर चार पैसे तिच्या हातात राहतील.

पातान बंदर: ताई, मी इथलाच. हिवाळ्यात तुम्ही याल तेव्हा आमच्या बायकांना मान वर करायला वेळ नसतो. बोट लागली की निवडणं, बर्फ, लिलाव, सुकवणं. तुमचं ताट कोण वाढणार? पैशाची ओढ असते ती १ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंद असते तेव्हा. तेव्हा वलांड्या रिकाम्या, आणि पाहुणे येतात ते उधाणात खडकावर सेल्फी काढायला. पोहायचा किनारा नाही हा, तरी उतरतात. आणि शहराचा कचरा आमच्याच डोंगरावर येतो, त्याबद्दल धाग्यात एक ओळ नाही.

घोडबंदरवाली: कचऱ्याचं मान्य. पण बाहेरचे लोक आले तर त्यावर बोलणारेही वाढतील ना?

बेलापूरचा शंकासुर: आणि वेफर्सची पाकिटं टाकणारेही. 😄

पातान बंदर: आमच्याकडे दोन मतं आहेत हे खरं. माझा भाऊ खोल्या बांधू म्हणतो, आई म्हणते आधी धक्का नीट करा. मी आईकडे. जून-जुलैत घरात सुकट, जवळा असतो, जेवायलाही घालू. फक्त आदल्या दिवशी कळवा आणि खडकावर जाऊ नका.

घोडबंदरवाली: जूनमध्ये येतो. तरी पाटी आणि स्वच्छतागृह हवंच, त्यावर मी मागे हटणार नाही.