मदत हवी आहे: करवती पानांची कोथिंबीर कशाकशात घालता येईल?

मंडळी नमस्कार, जरा सल्ला हवाय. आमच्या रत्नागिरीच्या घरी परसात, न्हाणीचं पाणी पोफळींना जातं तिथे सावलीत एक रोप आपोआप आलंय, बहुतेक नर्सरीच्या कुंडीतल्या मातीबरोबर आलं असावं. वीतभर लांब पानं, कडेला बारीक दाते, जमिनीलगत गोल पसरलेली, आणि पान नुसतं चुरगळलं तरी कोथिंबिरीचा असला घमघमाट की हात धुतले तरी जात नाही! आई तण समजून उपटणारच होती, मी थांबवलं.

वहिनीची एक मणिपुरी मैत्रीण आहे, तिला फोटो पाठवला तर लगेच म्हणाली ही तर अवा फदिगोम, आम्ही इरोंबावर, म्हणजे उकडलेल्या भाज्या मिरची आणि आंबवलेल्या माशाबरोबर कुस्करून करतात त्यावर, चिरून घालतो. मग शोधत बसले. शास्त्रीय नाव एरिंजियम फीटिडम, मूळची मेक्सिको आणि कॅरिबियन बेटांकडची, व्हिएतनाममध्ये फो सूपबरोबर कच्ची पानं देतात आणि प्वेर्तो रिकोत तर कांदा, लसूण, मिरच्यांबरोबर वाटून सोफ्रितो करतात, म्हणजे आपल्या हिरव्या वाटणाचंच काम झालं की ते.

मला यात इतका रस अशासाठी की पावसाळ्यात आमच्याकडे कोथिंबिरीचे फार हाल. परसात लावली तर झोडपून कुजते, घाटावरून आलेली जुडी चिखलाने भरलेली, फ्रिजमध्ये ठेवली तरी काळी पडते, आणि भाव विचारूच नका. याला मात्र ओल आणि सावलीच मानवते. शिवाय शिजवल्यावर वास उडत नाही, त्यामुळे उकळी येतानाच घालता येते. कुळथाच्या पिठल्यात एकच पान चिरून घातलं, सगळ्यांनी परत वाढून घेतलं. चटणीत मात्र कोथिंबिरीइतकी चालत नाही, ओल्या खोबऱ्यालाही दाबून टाकते इतकी उग्र लागते.

तर ज्यांच्याकडे आहे त्यांनी प्लीज सांगा, एका नारळाच्या वाटणाला साधारण किती पानं घेता? तिसऱ्यांच्या सुक्याला किंवा कोळंबीला कुणी वापरलीय का, की माशाच्या वासाशी भांडते? सोलकढीवर कच्ची घालायचा धीर होत नाहीये अजून. वड्या करायच्या तर पान जरा चिवट आहे, बारीक चिरलं तरी दाताखाली येतं, त्याला काय करता? सुकवून ठेवली तर वास राहतो असं वाचलंय, पण आमच्या दमट हवेत सावलीत वाळवू की सरळ वाटून फ्रीज करू?

आणि एक अर्जंट, मधून काटेरी दांडा वर यायला लागलाय फुलांचा. तो आत्ताच खुडला तर पानं जास्त दिवस मिळतील ना? की एक दांडा बियांसाठी ठेवू? शेजारच्या काकूंनी आत्ताच रोप मागून ठेवलंय.