फ्लेमिंगोंच्या जिफमध्ये आकाशाला पट्टे पडतात ते

ऐरोलीच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंची क्लिप फोटोशॉपमध्ये जिफ केली, तर आकाशाला पट्टे पडले आणि फाइलही जड झाली, असं तुम्ही म्हणताय. जिफच्या एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त २५६ रंग मावतात. सकाळचं आकाश, पाणी आणि चिखल यांच्या छटाच त्यातले बहुतेक खाऊन टाकतात, मग पंखांच्या गुलाबीला उरतंय काय? म्हणून आधी क्रॉप करून आकाश जमेल तेवढं काढून टाका. मग 'सेव्ह फॉर वेब'मध्ये डिदर (असलेल्या रंगांचे ठिपके मिसळून मधल्या छटा भासवणं) 'डिफ्यूजन' ठेवा, पट्टे बरेच विरतात. मात्र त्या ठिपक्यांनी फाइल फुगते, तेव्हा प्रिव्ह्यू बघत डिदरची टक्केवारी खाली आणा.

क्लिप आणताना 'व्हिडिओ फ्रेम्स टू लेयर्स'मध्ये दर दुसरी फ्रेमच घ्या. सेकंदाला ३० फ्रेम्सची क्लिप असेल तर प्रत्येक फ्रेमला ०.०७ सेकंद हवेत. टाइमलाइनमध्ये तपासा, नाहीतर पक्षी भलत्याच वेगाने पंख मारतात.

आणि हलत्या बोटीतून घेतलेल्या क्लिपचा नाद सोडाच! जिफमध्ये आधीच्या फ्रेमपेक्षा बदललेला तेवढाच भाग साठवता येतो, बोटीत तर दर फ्रेमला सगळंच बदलतं आणि फाइल जड होते. काठावर ट्रायपॉड लावून घेतलेली क्लिप असेल तर तीच वापरा.