दारातल्या कोंबड्या : तुमचे अनुभव लिहा

आमच्या गोराईच्या घरामागे पाच कोंबड्या आहेत. अंडी मिळतात, पण पाळल्या त्या लळा लागला म्हणून. सकाळी खुराड्याची फळी काढली की एकेक जण पंख झटकत बाहेर पडते आणि माझा चहा तसाच निवतो. मुंबईत अजून कोणाकडे आहेत? दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल.

वेसावे : आजी जवळा निवडायला बसली की चंपी तिच्या मांडीला टेकून उभी. सुकटीच्या डब्याचं झाकण वाजलं की गल्लीच्या टोकाहून धावत येते. माझ्या हाकेला मात्र ओ देत नाही, फक्त आजीच्या.

मुलुंड, तळमजला : आमच्याकडे कोंबडा नाही. (अंडी द्यायला तो लागत नाही, हे बऱ्याच जणांना पटत नाही. पिल्लांसाठी मात्र लागतो.) तांबडी खुडूक झाली (म्हणजे अंडी उबवायला बसली) तेव्हा पेणजवळच्या मामांकडून नऊ अंडी कोंड्यात घालून आणली. दिवसातून एकदाच उठायची, दाणे खायची, धुळीत लोळायची, की परत अंड्यांवर. चोचीने एकेक अंडं फिरवायची. सातव्या रात्री अंडं टॉर्चवर धरलं, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा! विसाव्या रात्री एक अंडं कानाला लावलं. आतून चिवचिव, आणि बाहेरून तांबडीचा हळू, घशातला हुंकार. मी तिथेच बसून राहिले. एकविसाव्या दिवशी सात पिल्लं निघाली. कवच फोडायचा पांढरा दाणा चोचीच्या टोकावर असतो, तो पहिल्यांदाच पाहिला. दोन-तीन दिवसांत गळूनही गेला.

आरे, पाडा : बिबट्यामुळे खुराडं घराच्या भिंतीला लागूनच आहे. तरी गेल्या पावसात मुंगसाने एक तलंग (तरुण कोंबडी) नेली, फार वाईट वाटलं. आता बारीक जाळी मारली आहे. आमचा कोंबडा घार दिसली की लांब बारीक सूर काढतो, कुत्रा आला की तुटक कॉक-कॉक. घरात बसून आम्हाला कळतं काय आलंय ते.

मालाड : पावसाळ्यात खालचा भुसा ओला राहू देऊ नका आणि राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाची लस चुकवू नका.

गोराई : मुलुंडच्या ताई, मामांना विचाराल का? आमची कबरी कालपासून खुडूक बसली आहे, रिकाम्या टोपलीत.