मदत हवी आहे: मॅग्नेटाइट नॅनोकणांनी काढलेल्या डीएनएला पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवणारी प्रक्रिया) बँड (जेलवरची डीएनएची पट्टी) येत नाही

विदर्भ_बायो: सिकलसेलच्या जनुक-तपासणीसाठी ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूबमधल्या रक्तातून डीएनए काढायचाय. मॅग्नेटाइटचे (चुंबकाला ओढलं जाणारं लोहाचं ऑक्साइड) कण असे केले: फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट ५.४ ग्रॅम, फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट २ ग्रॅम, पाणी १०० मिली, ८० अंशांवर २५ टक्के अमोनिया २० मिली. येतात काळे, पण काही दिवसांत तांबूस होतात. पुढे डीएनए कणांना चिकटवायला गुआनिडिन हायड्रोक्लोराइडचा बफर, धुवायला ८० टक्के इथेनॉल, सोडवायला पीएच ८ चा ट्रिस बफर. डीएनए कमी, जेल कोरं. रंग बदलतो म्हणून होत असेल का? नागपूरचा मे महिना, लॅबला एसी नाही.

लोहचुंबक: रंगाला दोष देऊ नका. हवेने मॅग्नेटाइटचं मॅगहेमाइट (लोहाचंच दुसरं, तांबूस ऑक्साइड) होतंय. तेही चुंबकाला येतं, ओढ थोडी कमी. बनवताना द्रवात नायट्रोजन वायू सोडत राहिलात तर काळेपणा टिकेल. खरी अडचण उघड्या लोहाची आहे. डीएनएचा फॉस्फेट त्याला घट्ट धरतो, ट्रिसने सुटत नाही. आणि जे लोह विरघळून येतं ते पीसीआरमधल्या पॉलिमरेज एन्झाइमला अडवतं. कणांवर सिलिका चढवाच. १०० मिग्रॅ धुतलेले कण ८० मिली इथेनॉल आणि २० मिली पाण्यात सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी विखरा), अमोनिया २ मिली, मग टीईओएस (ज्यातून सिलिका बनते ते रसायन) ०.५ मिली थेंबाथेंबाने, रात्रभर ढवळत. चुंबकी स्टरर नको, सगळे कण दांडीला जाऊन बसतात. वरून फिरणारा पंखाच लावा.

विदर्भ_बायो: टीईओएस आहे. पण सिलिका नीट बसली हे कसं ओळखायचं?

लोहचुंबक: थोडे कण पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवा. उघडे कण पिवळे होत विरघळतात, झाकलेले बराच वेळ टिकतात.

पेशी_ते_जेल: वाळवणीकडेही बघा. या उकाड्यात इथेनॉल लवकर उडतो. पेलेटची (चुंबकाशी जमलेल्या कणांच्या थराची) चकाकी गेली की लगेच ट्रिस घाला. भेगा पडल्या की डीएनए नीट परत येत नाही. ट्रिस ५५-६० अंशांवर ५ मिनिटं, मग चुंबकावर ठेवून फक्त स्वच्छ द्रव उचला. त्यातला १ मायक्रोलिटर आधी चालणाऱ्या डीएनएच्या पीसीआरमध्ये घाला. तिथलाही बँड गेला तर तुमच्या द्रवात अडथळा आहे. दहापट पातळ करून पुन्हा लावा. दोन्हीकडे फरक पडला नाही तर डीएनएच कमी आहे.

आणि एक, गुआनिडिनच्या उरलेल्या द्रवात ब्लीच कधीही ओतू नका, विषारी वायू निघतो. वेगळ्या बाटलीत, लेबल लावून ठेवा.