मदत हवी आहे: डॅफ्नियाच्या पिशवीत अंडीच नाहीत, खायला काय घालू?

टबवाला:
लवकर सांगा. डॅफ्निया मॅग्नाचा टब आहे, माशांना खाऊ म्हणून पाळतात ते पाण्यातले बारीक जीव. पूर्वी मादीची पिशवी अंड्यांनी भरलेली असायची, आता जेमतेम दोन-तीन, काहींची रिकामीच. यीस्ट देतोय, हिरवं पाणीही सुरू केलं. फरक शून्य. फायटर माशाची पिल्लं निघायच्या आत टब सावरायला हवा.

मधुरा_ल:
टब केवढा, तापमान किती, दिवा किती तास, यीस्ट कोणतं आणि किती? काहीच लिहिलेलं नाही. माद्यांच्या पाठीवर काळपट खोगीर दिसतंय का? तसं असेल तर ती सुप्त अंडी, वाईट दिवस काढण्यासाठीची. गर्दी, उपासमार किंवा लहान दिवस, यातलं काहीतरी कारण असतं.

टबवाला:
४० लिटर, २४ अंश, दिवा १६ तास. खोगीर नाही. बेकरीचं कोरडं यीस्ट, रोज पाव चमचा. प्रश्न खाण्याचा आहे, दिव्याचा नाही.

शेवाळी:
स्पिरुलिना पावडर द्या. पाण्यात कालवायची, मलमलच्या फडक्यातून गाळायची. प्रथिनं भरपूर, दुसरं काही लागत नाही.

सूक्ष्मदर्शी:
नुसत्या स्पिरुलिनावर अंडी वाढणार नाहीत. ती नील-हरित शेवाळ, तिच्यात स्टेरॉल (पेशींना लागणारं मेदासारखं द्रव्य) जवळपास नसतं आणि डॅफ्नियाला ते स्वतः तयार करता येत नाही, अन्नातूनच मिळावं लागतं. इपीए हे ओमेगा-३ आम्लही तिच्यात नाही.

शेवाळी:
स्टेरॉल यीस्टमध्ये असतं. दोन्ही मिसळा, झालं.

सूक्ष्मदर्शी:
अर्गोस्टेरॉल असतं, मान्य. पण बेकरीचं यीस्ट ओमेगा-३ बनवतच नाही, म्हणजे ती जागा रिकामीच. क्लोरेला, सिनेडेस्मस अशा हिरव्या शेवाळात स्टेरॉलही असतं आणि अल्फा-लिनोलेनिक हे ओमेगा-३ आम्लही. त्यातून डॅफ्निया थोडं इपीए बनवून घेते. ओईसीडी २११ या डॅफ्निया प्रजननाच्या प्रमाणित चाचणीत शेवाळावर पोसलेल्या मादीला स्वच्छ पाण्यात २१ दिवसांत सरासरी किमान ६० पिल्लं व्हावी लागतात, नाहीतर चाचणीच बाद. म्हणून विचारतो, टबवाला, तुमचं हिरवं पाणी कशावर वाढतं?

टबवाला:
युरिया. २० लिटरला १ ग्रॅम. गर्द हिरवं होतं, त्यात काही खोट नाही.

मधुरा_ल:
आणि स्फुरद, म्हणजे फॉस्फरस?

टबवाला:
ते नाही टाकत. लागतं का?

सूक्ष्मदर्शी:
अडलंय ते इथेच. नत्र भरपूर म्हणून रंग गर्द राहतो, पण स्फुरदाविना वाढलेल्या पेशीत नुसता कार्बन साठतो. अशा पेशींची भित्ती जाड होते आणि बऱ्याच पेशी आतड्यातून न पचता सबंध बाहेर पडतात. डॅफ्नियाच्या शरीराला स्फुरद जास्त लागतं. अन्नात एका स्फुरद अणूमागे साधारण ३०० च्या वर कार्बन अणू गेले की वाढ मंदावते, पाठोपाठ अंडी घटतात. पोट भरलेलं दिसतं, म्हणून लक्षात येत नाही.
द्राक्षबागेला सोडतात ते ०:५२:३४ हे स्फुरदाचं खत आणा. १ ग्रॅम युरियाला ०.३ ग्रॅम पुरतं. जुनं पाणी थोडं विरजण म्हणून ठेवून नवीन वाढवा.

मळेकर:
त्यापेक्षा १९:१९:१९ खत घ्या, नत्र, स्फुरद, पालाश सगळं एकाच पुडीत.

सूक्ष्मदर्शी:
चालेल, पण पुडीवर सूक्ष्म अन्नद्रव्यं लिहिलेली असतील तर नको. तांबं डॅफ्नियाला अगदी थोडंही सोसत नाही. आणि खत डॅफ्नियाच्या टबात थेट कधीच टाकू नका, युरियापासून अमोनिया होतो. हिरवं पाणी फ्रिजमध्ये ३-४ दिवस ठेवा, वरचं ओतून टाका, तळाचा साका टबच्या पाण्यात ढवळून द्या.

रंगीतमासे:
फायटरच्या नवजात पिल्लांच्या तोंडात मॅग्नाचं पिल्लू मावत नाही. त्यांना आधी इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्मजीव), मग मोइना (डॅफ्नियाची लहान जातभाई).

टबवाला:
ते माहीत आहे, मॅग्ना नंतरसाठी आहे. यीस्ट बंद करू का? आणि फरक कधी दिसेल?

मधुरा_ल:
एकदम बंद नको, चिमटीवर आणा. पाणी २४ तासांत नितळ झालं नाही तर दिलेलं जास्त झालं. माद्या लालसर झाल्या असतील तर प्राणवायू कमी पडतोय, तेव्हा आधी यीस्ट कमी करा. आत्ता पिशवीत आहेत ती अंडी जुन्या अन्नावरची, त्यांवरून काही ठरवू नका. या तापमानाला साधारण तीन दिवसांनी नवी खेप येते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची अंडी मोजा, तीही दर वेळी सारख्याच आकाराच्या माद्यांची. मोठ्या मादीला एरवीही जास्त होतात.

शेवाळी:
स्पिरुलिनाबद्दल माझं मत तेच आहे.

टबवाला:
०:५२:३४ आणतो. एक किलोची पिशवीच मिळते, उरलेल्याचं काय करू?

मळेकर:
हवाबंद डब्यात कोरडं ठेवा, दमट हवेत गोळे होतात.