संध्याकाळची प्रार्थना पुन्हा कशी सुरू करू?

प्रश्न (जालना): आमचं घराणं मूळ बेथेलचं, रेव्ह. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेल्या गावाचं. दिवेलागणीची प्रार्थना कधी चुकली नाही. बायबलमधलं वचन वाचायचे ते आमचे हेच. पावसाळ्यात हे गेले. आता त्यांचं पवित्र शास्त्र उघडलं की समासातलं त्यांचं अक्षर दिसतं अन् कंठ दाटतो. सासूबाई म्हणतात, विश्वासणाऱ्यानं इतकं रडू नये. दहावीतला मुलगा तर ताट घेऊन आतच बसतो. त्याला बळजबरी करू का?

उत्तर (बीड): ताई, बळजबरी अजिबात नको. मेलेल्या मित्राला, लाजराला, पुन्हा उठवणार हे ठाऊक असूनही प्रभू येशू त्याच्या कबरेपाशी पोहोचण्याआधीच रडला, बायबलमध्ये योहान 11:35. सासूबाईंसोबत बसून हे वाचा. त्यांचा तर लेक गेलाय हो.

उत्तर (लातूर): माझे वडील गेले तेव्हा आईनं मला फक्त प्रार्थनेचं गीत निवडायला सांगितलं. मी रोज एकच निवडायचो. ती तेच म्हणायची, कधी टोकलं नाही.

प्रश्नकर्ती: गीताचं आजच विचारते त्याला. अजून एक, नाताळच्या करंज्या करू का? सासूबाई नको म्हणतात, पण कॅरोलवाली पोरं दारात येणारच. त्यांना रिकाम्या हाती पाठवणं ह्यांना आवडलं नसतं.

उत्तर (बीड): करा. पोरांपुरत्या तरी कराच.