टीबीचं मॉडेल घरच्या डेटावर ९७ टक्के, बाहेरच्या डेटावर साफ आपटलं. काय चुकलं?

केळीवाल्याचं पोरगं, जळगाव
नमस्कार मंडळी, एमएस्सी बायोटेक शेवटचं वर्ष, प्रोजेक्टचा पार घोळ झालाय म्हणून विचारतो. रक्तातल्या पेशींमध्ये कुठले जीन किती चालू आहेत ते बघून टीबी आहे का नाही हे कॉम्प्युटरने ओळखायचं असा विषय आहे. जीईओ या जीनच्या डेटाच्या सरकारी वेबसाइटवर असा डेटा फुकट मिळतो, तिथून तीन डेटासेट उतरवले. एकात पेशंट भरपूर पण निरोगी माणसं कमी, म्हणून निरोगी दुसऱ्या डेटासेटमधून घेतली. सगळं एकत्र केलं, सगळ्यात जास्त फरक दाखवणारे ५० जीन निवडले, मग ८०-२० करून (८० टक्के सँपल शिकायला, २० तपासायला) रँडम फॉरेस्ट नावाचं मशीन लर्निंगचं मॉडेल चालवलं तर ९७ टक्के बरोबर! सर खूश, मी त्याहून खूश. परवा मित्राने चौथा डेटासेट दिला, त्यावर हे बेणं दिसेल त्याला टीबी म्हणतंय. काय करू?

पुण्यात बसलेला धुळेकर
तुझं मॉडेल टीबी शिकलंच नाही, लॅबचं मशीन शिकलंय. असं समज, रावेरची सगळी केळी एका काट्यावर मोजली आणि चोपड्याची सगळी दुसऱ्याच काट्यावर, आता कुठली केळी वजनदार ते सांग बरं. नाही सांगता येत ना, काटा खोटा का केळी भारी कोण ठरवणार? पेशंट एका लॅबचे आणि निरोगी दुसऱ्या लॅबचे घेतले की हेच होतं, याला बॅच इफेक्ट म्हणतात. कॉम्बॅट वगैरे, म्हणजे हा लॅबचा फरक काढणारे प्रोग्रॅम, लावून थोडंफार सुधारतं पण पूर्ण गट एकाच बॅचमध्ये असेल तर कॉम्बॅट बॅचसोबत आजार पण धुऊन काढतो. पीसीए काढून बघ, म्हणजे सगळ्या जीनचे आकडे दाबून प्रत्येक सँपलचा एक ठिपका करणारा आलेख, ठिपके आजाराप्रमाणे वेगळे पडतात का लॅबप्रमाणे.
दुसरं, ५० जीन तू ८०-२० करायच्या आधी निवडले. तपासायची २० टक्के सँपल पण निवडताना बघून झाली, म्हणजे पेपर फोडून परीक्षा दिली.
तिसरं, एकाच पेशंटचं औषध सुरू करायच्या आधीचं, दोन महिन्यांनंतरचं असं रक्त त्या डेटात असतं. तोच माणूस ८० आणि २० दोन्हीकडे गेला तर मॉडेल त्याला तोंडओळखीने पास करतं.
स्टॅनफर्डच्या लोकांनी २०१६ ला तीनच जीनचा स्कोअर काढला, जीबीपी५, डीयूएसपी३ आणि केएलएफ२. ५० नाही, तीन. आणि ते वेगवेगळ्या देशांतल्या डेटासेटवर टिकतात का ते बघितलं.

सुईवाला
मी लॅब टेक्निशियन, कॉम्प्युटरचं मला कळत नाही पण रक्ताचं सांगतो. जीन किती चालू ते ज्यावरून मोजतात तो आरएनए लगेच खराब होतो, त्यासाठी पॅक्सजीनची वेगळी ट्यूब येते, त्यात रक्त पडल्या पडल्या आरएनए जिथल्या तिथे थांबतो. साध्या ईडीटीए ट्यूबमध्ये रक्त घेऊन मे महिन्यात भुसावळच्या उन्हात दुपारभर ठेवा, पेशी मरायला लागतात, जीन बदलतात, तुमचं मॉडेल त्यालाच आजार समजेल. कुठल्या ट्यूबचं रक्त आहे ते आधी वाच भाऊ. आणि सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) असेल तर न्यूट्रोफिल, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशी, किती टक्के ते पण बघ, नुसत्या पेशींचं प्रमाण बदललं तरी जीनचे आकडे हलतात.

शिरपूरना भाऊ
माले काही समजनं नई पन केळीना काटा बराबर समजना. भारी शे 😄

सातपुड्यातला डॉक्टर
वरचं सगळं बरोबर, पण मुळात निरोगी माणसाशी तुलना करून उपयोग काय? माझ्या ओपीडीत निरोगी माणूस येतच नाही, ताप आणि खोकला घेऊनच येतो. २०१० ला नेचरमध्ये लंडनचा पेपर आला, टीबीच्या रक्तात ३९३ ट्रान्सक्रिप्टची (जीनच्या आरएनए नकलांची) खूण, मुख्यतः न्यूट्रोफिलमधल्या इंटरफेरॉनची, म्हणजे जंतूंशी लढताना शरीर सोडतं त्या प्रथिनाची. पण इंटरफेरॉन तर व्हायरल तापात पण चढतं, ल्युपसमध्ये (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) पण, म्हणून त्यांनीच दुसऱ्या आजारांपासून वेगळी ओळखणारी ८६ ची यादी वेगळी काढली. तो भाग वाच.
आणि नंदुरबारकडचा विचार कर. आमच्याकडे भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) भरपूर, त्या पेशंटच्या पांढऱ्या पेशी काही त्रास नसताना पण वाढलेल्या असतात. असा एकही माणूस मॉडेलने आधी बघितला नसेल तर ते त्याला काय ठरवेल? प्रिसिजन मेडिसिन, म्हणजे ज्याच्या त्याच्या शरीराप्रमाणे नेमका उपचार म्हणे. कोणासाठी प्रिसिजन ते आधी विचारा.

केळीवाल्याचं पोरगं, जळगाव
सगळ्यांचे आभार. रात्री बसून पीसीए काढला, ठिपके सरळ लॅबप्रमाणे तीन ढीग, आजाराचा पत्ताच नाही. ट्यूब पण एका डेटासेटमध्ये वेगळी निघाली. मग निरोगी आणि पेशंट एकाच लॅबचे असलेलेच सँपल ठेवले, एका माणसाचं एकच रक्त घेतलं, जीन फक्त शिकायच्या सँपलवरून निवडले आणि दर वेळी एक आख्खा डेटासेट बाहेर ठेवून तपासलं. ९७ चे ७४ झाले. सरांना अजून सांगितलं नाही, शुक्रवारी प्रेझेंटेशन आहे. ९७ ची स्लाइड काढून टाकू का?

पुण्यात बसलेला धुळेकर
काढू नको रे. आधी ९७ दाखव, सर मान हलवतील, मग ते तीन ढीग दाखव, मग ७४. तुझा प्रोजेक्ट तोच आहे.